ग्राफिक डिझाइन सोडलं, पूर्णवेळ चित्रं सुरू केली. ब्रीफ नसलेल्या सकाळचं काय करायचं?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

चौदा वर्षं ग्राफिक डिझाइन केलं. लोगो, पॅकेजिंग, वार्षिक अहवाल, मासिकांची पानं, पडेल ते काम. चित्रं आधीपासूनच काढायचो, पण रात्री आणि रविवारी. तीन महिन्यांपूर्वी नोकरी सोडली. वर्षभर निभेल एवढी शिल्लक आहे, घरचे सोबत आहेत, एक खोली रिकामी करून तिथे ईझल मांडलंय. म्हणजे 'सोडू की नको' हा प्रश्न नाही. त्यावरचं समुपदेशन कृपया नको, ते सासुरवाडीत झालेलं आहे.

प्रश्न वेगळा आहे. मला वाटलं होतं, त्रास पैशाचा होईल. तो पुढे होईलही. सध्याचा त्रास रोज सकाळी साडेनऊचा आहे. कॅनव्हाससमोर उभा राहतो आणि कोणी काही मागितलेलंच नसतं. ब्रीफ, म्हणजे क्लायंटची मागणी, तीच नाही. आकार नाही, मजकूर नाही, मुदत नाही, 'लोगो जरा मोठा करा' नाही. चौदा वर्षं क्लायंटच्या नावाने बोटं मोडली आणि आता लक्षात येतंय की निम्मं काम तोच करत होता.

दुसरं, जे काही काढतो त्याचं पोस्टर होतं. गेल्या आठवड्यात खिडकीजवळच्या खुर्चीचं चित्र केलं. खुर्ची डावीकडच्या तिसऱ्या भागात, वर भरपूर मोकळी जागा, उजवीकडे खाली एक लाल ठिपका. बायको बघून म्हणाली, "छान झालंय. वर तारीख आणि वेळ कधी टाकणार?"

तिसरं सांगायला लाज वाटते. ब्रश चुकीचा फिरला की डाव्या हाताची दोन बोटं आपोआप टेबलाच्या कडेवर दाबली जातात. संगणकावर चूक पुसायची कळ, अनडू.

या वाटेने जे गेलेत त्यांना विचारतो: हे जातं का? किती दिवसांनी? आणि सगळंच जायला हवं का?

पिक्सेलपंत

"वर तारीख आणि वेळ कधी टाकणार?"

वहिनींना दंडवत. कलासमीक्षेचं सदर त्यांना ताबडतोब देण्यात यावं.

निमूट

वाचतेय.

वाकडी_रेघ

बोटांचं काही मनावर घेऊ नका. माझी दीड वर्ष हलत होती. एकदा तर झोपेत नवऱ्याच्या दंडावर अनडू केलं होतं.

मी पूर्णवेळ नाही. आठवड्यातले तीन दिवस फ्रीलान्स डिझाइन, उरलेले चित्रांचे. ब्रीफ नसल्याची पोकळी मलाही छळायची, म्हणून मी स्वतःलाच ब्रीफ द्यायला लागले. लेखी. 'फक्त दोन रंग आणि पांढरा. चौरस कागद. सहा दिवस. रेघ चालणार नाही, फक्त डाग.' असलं काहीतरी. सातव्या दिवशी सगळे भिंतीला टाचायचे आणि बघायचे. पहिल्या सहामधलं एखादंही बरं निघत नाही, पण साडेनऊला उभं राहिलं की हाताला काम असतं.

तैलबुद्धी

अकरा वर्षं पूर्णवेळ चित्रकार आहे. त्याआधी नऊ वर्षं पॅकेजिंग. तुमची खुर्ची मला न बघताही दिसतेय, कारण माझ्याकडे अशीच एक किटली होती.

अडचण मांडणीची नाहीच. अडचण ही की आपल्याला चित्र सुरू करायच्या आधीच ते पूर्ण झालेलं दिसत असतं. डिझाइनमध्ये तेच हवं असतं: आधी डोक्यात, मग स्क्रीनवर, मग छपाईला. प्रूफ डोक्यातल्यासारखं आलं की आपण खूश. तीच सवय घेऊन ईझलपुढे उभं राहिलं की रंग लावणं म्हणजे नुसती छपाई होते, आणि आपण त्या छपाईचं यंत्र. मग कंटाळा येतो आणि त्याला आपण 'प्रेरणा नाही' असं भारदस्त नाव देतो.

मला बाहेर काढलं ते करड्या रंगाने. स्क्रीनवर करडा म्हणजे एक आकडा. काळा पन्नास टक्के, झालं काम. मी पहिले काही महिने तसंच करत होते: ट्यूबमधला काळा अधिक पांढरा. चित्रात त्या जागी सिमेंट ओतल्यासारखं दिसायचं. मग कोणीतरी सांगितलं, काळी ट्यूब कपाटात टाक आणि अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना मिसळून बघ. दोन्ही जवळपास सारखे घेतले की काळसर होतो, पांढरा घातला की करडा. निळा जरासा वाढवला की सावली थंड पडते, सिएना वाढवला की त्याच सावलीत ऊब येते. एका दुपारी पॅलेटवर मी एकवीस करडे केले. एकालाही आकडा नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी त्यातला एकही जसाच्या तसा पुन्हा जमला नाही. ज्याचं भाकीत करता येत नाही असं काहीतरी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या हातातून झालं.

तेव्हा तुम्हाला माझा सल्ला: तीच खुर्ची तीस वेळा काढा. पहिल्या आठदहांत तुमचे सगळे लेआउट संपतील. तिसरा भाग, मधोमध, कोपऱ्यात कापलेली, वरून, सगळं. अकरावीला काय करायचं ते तुम्हाला माहीत नसेल. तिथून पुढचं मला सांगा.

जोसेफ आल्बर्सने १९५० पासून १९७६ ला मरेपर्यंत चौरसात चौरस काढले, हजारावर चित्रं. रंग शक्यतो ट्यूबमधून थेट, चाकूने लावलेले. कुठला रंग, कुठल्या कंपनीचा, ते तो चित्राच्या पाठीवर लिहून ठेवायचा. मांडणी एकदा पक्की करून टाकली की मांडणीचा विचारच करावा लागत नाही, उरतो तो रंग. डिझाइनरला हे पथ्य फार मानवतं.

पिक्सेलपंत

तीस खुर्च्या? ताई, हा चित्रकार आहे की मंगल कार्यालय?

गेरू

थोडं कटू बोलतो. मी चित्रकलाच शिकलो, पहिल्यापासून चित्रंच काढतो. गेल्या काही वर्षांत डिझाइनमधून येणारे बरेच बघतोय. येतात ते तयार वेबसाइट, तयार व्हिजिटिंग कार्ड, तयार 'कलाकाराचं मनोगत' घेऊन. चित्रं तेवढी नंतर येतात. जाहिरातीचं काम आहे लक्ष वेधून घेण्याचं. चित्राचं काम ते नाही. तीस खुर्च्या काढा नाहीतर तीनशे, विकायला बसलेला डोळा उठत नाही.

बोरूबहाद्दर

गेरूसाहेब, जरा दमानं.

तुलूझ-लोत्रेक या चित्रकाराने १८९१ मध्ये पॅरिसच्या मूलाँ रूझ या नाचघराचं पोस्टर केलं. ते भिंतीवर चिकटवायलाच होतं, लोकांना नाचगाण्याला खेचायला. पुढ्यात नाचणाऱ्याची करडी, सावलीसारखी बाह्याकृती, मागे गर्दीच्या नुसत्या काळ्या सावल्या. त्या पोस्टरसाठी त्याने डोळा बदलला होता की काय? आणि हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवत होते हे तर सगळ्यांना ठाऊक आहे.

माझी उमर होर्डिंगांत गेली. संगणक नव्हता तेव्हा. छोट्या फोटोवर चौकटी आखायच्या, खडूच्या दोरीने फटका मारून तशाच चौकटी मोठ्या पत्र्यावर पाडायच्या आणि एकेक चौकट भरत जायचं. परातीवर उभं राहून नायिकेचा गाल रंगवताना गाल दिसतच नाही. नाकासमोर हातभर गुलाबी, त्याच्या कडेला जांभळट, त्यात मध्येच हिरव्याची एक तार. हिरवी का, तर उस्ताद म्हणाला म्हणून. खाली उतरून रस्ता ओलांडला की ती तार गायब आणि गाल गोल. ते बघायला मी दिवसातून दहा वेळा रस्ता ओलांडायचो, दोनदा सायकलखाली आलो.

अमेरिकेत जेम्स रोझेनक्विस्ट हेच करायचा, न्यू यॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये मोठमोठे जाहिरात फलक रंगवायचा. १९६० मध्ये त्याने ते काम सोडलं. आणि नंतर काय काढलं? 'एफ-१११' नावाचं चित्र, १९६४-६५ चं, ८६ फूट लांब, तेवीस तुकड्यांत, गॅलरीच्या चारही भिंतींना वेढून बसेल असं. लढाऊ विमान, मध्येमध्ये केस वाळवायच्या यंत्राखालची लहान मुलगी, मोटारीचं टायर, शेवया. म्हणजे परातीवरून जे दिसायचं तेच त्याने प्रेक्षकाला दाखवलं: इतकं जवळून की गाल दिसू नये. धंदा सुटला, पण त्या धंद्याने दिलेली नजर सुटली नाही. ती टाकायची कशाला?

कोरा_कागद, तुम्हाला पोस्टर येतं ना? मग आधी असं पोस्टर काढा की ज्यात सांगायचं काहीच नाही. बघू जमतंय का.

निमूट

बोरूकाका, 'परात' म्हणजे?

बोरूबहाद्दर

परांची गं, परांची. हा फोन आपल्याच मनाने शब्द बदलतो. परातीत उभं राहून रंगवलं असतं तर नायिका आणि मी दोघंही पडलो असतो.

शंकासुर

धागा छान चाललाय म्हणून पाणी ओततो.

इथे जी नावं येतात ती सगळी पैलतीराला लागलेल्यांची. वॉरहॉल बुटांच्या जाहिराती काढायचा आणि १९६२ ला सुपाच्या डब्यांचे बत्तीस कॅनव्हास मांडून जगप्रसिद्ध झाला, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच सुमाराला जाहिरातीतून बाहेर पडलेले आणि कुठेच न पोचलेले किती, त्यांची यादी कोणी ठेवत नाही.

बरं, पोचलेल्यांचा रस्ताही सरळ नाही. बेल्जियमचा चित्रकार माग्रीत घ्या. वॉलपेपरच्या कारखान्यात नक्षी काढायचा, मग पोस्टर आणि जाहिराती. १९२६ मध्ये एका गॅलरीशी करार झाला आणि तो पूर्णवेळ चित्रकार झाला. चार वर्षांत करार संपला, १९३० ला हा ब्रसेल्सला परत, आणि भावाबरोबर पुन्हा जाहिरातींचा धंदा. आपण त्याला 'जाहिरातीतून चित्रकलेत गेलेला' म्हणतो. त्याच्या बाजूने बघितलं तर तो गेला, आला, पुन्हा गेला. 'पूर्णवेळ' हा शब्द त्याच्या पोटाला वरचेवर चावत असणार.

हिशेबनीस

मी चित्रकार नाही. चित्रकाराची बायको आहे आणि या घराची लेखापाल. नवरा सहा वर्षांपूर्वी डिझाइन एजन्सीतून बाहेर पडला. धागाकर्त्यांना पैशाचा सल्ला नकोय हे वाचलंय, तरी देते. कारण वर्षाची शिल्लक म्हणजे वर्ष नसतं. पहिले चारपाच महिने विकण्याजोगं काही तयारच नसतं, आणि प्रदर्शनात विकलेल्या चित्राचे पैसे प्रदर्शन उतरल्यावर यथावकाश येतात. तेव्हा बारा महिन्यांतले हाताशी सातच धरा.

डिझाइनवाल्यांच्या दोन खोडी सांगते, आमच्या घरी दोन्ही होत्या.

पहिली, तासांवर किंमत लावणं. 'हे दोन दिवसांत झालं, याचे कमी घेऊ.' चित्राला असं चालत नाही. दोन दिवसांत झालेलं कधीकधी दोन महिने रखडलेल्यापेक्षा सरस असतं. शेवटी आम्ही मापावर दर ठरवला, लांबी गुणिले रुंदी. घासाघीस थांबली, आणि त्याची स्वतःशी चालणारी घासाघीस जास्त थांबली. गॅलरी विक्रीतला साधारण निम्मा वाटा घेते. तो ऐकून संताप आला तरी स्टुडिओतून विकताना दर तोच ठेवायचा. ओळखीत एकाने घरून निम्म्यात विकलं, गॅलरीला कळलं, पुढचं प्रदर्शन गेलं.

दुसरी, हक्क. डिझाइनमध्ये पैसे मिळाले की काम बहुधा सगळ्या हक्कांसकट क्लायंटचं होतं, ते अंगवळणी पडलेलं असतं. चित्राचं बहुतेक देशांत तसं नसतं. चित्र विकलं म्हणजे वस्तू विकली. त्याची छपाई करायचा हक्क वेगळा लिहून दिल्याशिवाय जात नाही. आमच्याकडून एकाने चित्र नेलं आणि त्याची दिनदर्शिका छापली. नवरा म्हणे, "जाऊ दे, त्याने पैसे दिलेत ना." मी जाऊ दिलं नाही.

आणि शंकासुर, अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरची गोष्ट फक्त माझ्यासारखीच सांगणार. त्याला चित्रं मासिकांसाठी काढावी लागत आणि ते काम त्याला मनापासून नकोसं होतं. १९१३ मध्ये एक चित्र विकलं गेलं, त्यानंतर दहा वर्षं रंगचित्र विकलंच गेलं नाही. १९२३ ला ब्रुकलिनच्या संग्रहालयातल्या प्रदर्शनात जलरंग लागले ते जो निव्हिसनने त्याच्यासाठी शब्द टाकला म्हणून. ती स्वतः चित्रकार, तिची चित्रं तिथे जाणारच होती. पुढच्या वर्षी लग्न झालं, त्याच वर्षी गॅलरीतली सगळी चित्रं विकली गेली आणि मासिकांचं काम सुटलं. वय बेचाळीस. तिच्या चित्रांचं पुढे काय झालं, हे विचारायला मात्र कोणी धागा काढत नाही.

तैलबुद्धी

हिशेबनीस, शेवटचं वाक्य. +१०००.

पिक्सेलपंत

आता थट्टा बाजूला ठेवून माझी एक फजिती सांगतो, म्हणजे कोणाच्या तरी कामी येईल.

मीही डिझाइनर, चित्रं हौसेने. पाच वर्षांपूर्वी पहिलं मोठं चित्र विकलं गेलं. आकाश भडक गुलाबी, अगदी पेटलेलं. फ्लुरोसंट ट्यूब होती. स्क्रीनवर जन्म गेल्यामुळे रंग म्हणजे रंग, तो आज आहे तसा कायम राहणार, एवढीच माझी समज. फाइलमधला गुलाबी कधी विटलाय का?

दोन वर्षांनी घेणाऱ्या बाईंचा फोन. "जरा येऊन बघता का?" चित्र मोठ्या खिडकीसमोरच्या भिंतीवर होतं. गेलो. आकाशाच्या जागी धुऊन धुऊन विटलेल्या चादरीचा रंग. फक्त फ्रेमच्या ओठाखाली चारही बाजूंनी सुतळीएवढी गुलाबी रेघ जशीच्या तशी. बाई काही बोलल्या नाहीत. त्या रेघेवरून नुसतं बोट फिरवलं.

चित्र परत आणलं, त्यांना नवीन करून दिलं. तेव्हापासून ट्यूबचं पुढचं नाव वाचतच नाही, मागची बारीक अक्षरं वाचतो. प्रकाशात टिकण्याची श्रेणी आणि रंगद्रव्याचा क्रमांक. एकाच नावाच्या दोन ट्यूबमध्ये दोन निराळी द्रव्यं असू शकतात. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, तो निवांत टिकतो. अलिझरिन क्रिमसन, पीआर ८३, दिसायला मोहक आणि उजेडात दगाबाज, विशेषतः पातळ लावला तर. फ्लुरोसंट तर बोलायलाच नको. सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाया, पाठ असलेल्या माणसाला ही दुसरी बाराखडी शून्यापासून शिकावी लागते.

वाकडी_रेघ

पंत, तुम्ही गंभीर लिहिलंत की भीती वाटते. पण ही सुतळीएवढी रेघ डोक्यातून जाणार नाही.

त्यालाच जोडून: ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतं, हेही मला कोणी सांगितलं नव्हतं. ओलं असताना माध्यम दुधट असतं, वाळलं की पारदर्शक होतं, म्हणून. चेहऱ्याचा रंग जुळवून झोपायचे, सकाळी चेहऱ्याला कावीळ.

कोरा_कागद

एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देत बसत नाही, पण दोन गोष्टी.

हिशेबनीस, सात महिन्यांचा हिशेब बायकोला वाचून दाखवला. तिने शांतपणे वही काढली, त्यात आधीच सहा लिहिलेलं होतं.

तैलबुद्धीताई, खुर्च्या सुरू केल्यात. पाच झाल्या, पाचवीचा फोटो टाकलाय. पाचही कशाचे ना कशाचे मुखपृष्ठ आहेत.

गेरू

माझं मागचं पोस्ट तिखट झालं. मागे घेत नाही, पण एक उपयोगाचं सांगतो. तुमचा पाचव्या खुर्चीचा फोटो बघितला. मांडणीवर सगळे बोलताहेत, मांडणीला काही झालेलं नाही. तुम्ही खुर्ची बघितलेलीच नाही. खुर्ची म्हटल्यावर डोक्यात जे चिन्ह येतं ते काढलंय. चारही पाय दिसताहेत, चारही सारखे जाड. तुम्ही उभे होतात तिथून मागचा एक पाय बहुतेक दिसतच नसेल. दिसत असला तर पुढच्यांपेक्षा आखूड दिसेल.

खुर्ची काढूच नका. पायांच्या मधली जी रिकामी जागा आहे तिचा आकार काढा. पेन्सिल हात लांब करून डोळ्यासमोर धरा, एक डोळा मिटा, मोजा. चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला आम्हाला हेच करायला लावत आणि आम्हाला त्याचा वीट यायचा.

बोरूबहाद्दर

घ्या. भांडायला आलेल्यानेच सगळ्यात कामाचं सांगितलं.

शंकासुर

रिकाम्या जागेचा आकार काढणं तर डिझाइनरला आधीपासून येतं की. दोन अक्षरांमधली जागा डोळ्याने जुळवणारी माणसं ही. मग खुर्चीच्या पायांत ती कुठे गेली?

तैलबुद्धी

शंकासुर, छान पकडलंत. अक्षराची जागा जुळवताना अक्षर काय आहे ते वाचायचं नसतं, म्हणून ती दिसते. कितीतरी जण पान उलटं करून बघतात ते त्यासाठीच. खुर्ची आपण वाचतो.

एड रूशा हा माणूस याच्या बरोबर उलट्या बाजूने गेला. शिक्षण जाहिरातकलेकडचं, काही काळ एका कलामासिकाची पानंही लावायचा. त्याने सरळ शब्दच रंगवले. 'ऊफ' (OOF) हे चित्र, निळ्यावर पिवळी ठसठशीत तीन अक्षरं, बस. १९६२ चं. ते पोस्टर का नाही, यावर मी वर्गात विद्यार्थ्यांशी तासभर भांडले होते. एक मुलगी म्हणाली, "पोस्टर वाचून झालं की आपण पुढे जातो. हे वाचून झाल्यावर पुढे जाता येत नाही." मला याहून बरं उत्तर अजून मिळालेलं नाही.

निमूट

एक विचारू? मी अजून नोकरीत आहे, लेआउट आर्टिस्ट. वय एकेचाळीस. हे सगळं वाचून छातीत धडधडतंय. उशीर झालाय का?

वाकडी_रेघ

बोलली! निमूट बोलली!

बोरूबहाद्दर

पोरी, विलेम द कूनिंगने रॉटरडॅममध्ये बाराव्या वर्षी सजावटीच्या कामाच्या दुकानात उमेदवारी धरली. अमेरिकेत जाऊन घरं रंगवली, पाट्या रंगवल्या, दुकानांच्या खिडक्या सजवल्या. पहिलं एकट्याचं प्रदर्शन १९४८ ला, वय तेव्हा चव्वेचाळिसाच्या घरात. त्यातल्या काळ्यापांढऱ्या चित्रांना त्याने घराला लावायचा इनॅमल पेंटसुद्धा वापरला.

शंकासुर

काका, पुन्हा पैलतीर.

बोरूबहाद्दर

मग तुझं ऐलतीराचं उदाहरण घे: मी. सदुसष्टाव्या वर्षी कॅनव्हास काढतोय, आजवर तीन विकले, त्यातले दोन भाच्याने घेतले. सकाळी उठायला कारण आहे. बोल.

शंकासुर

नमस्कार करतो. यावर युक्तिवाद नाही.

हिशेबनीस

निमूट, नोकरी न सोडता आधी एक करा. पुढचे सहा महिने पगारातला चित्रांचा खर्च वेगळ्या खात्यात ठेवा आणि किती तास चित्राला मिळाले ते लिहा. आकडा बघून ठरवा. तास नोकरी खाते की फोन खातो, हे वही खोटं बोलू देत नाही.

पिक्सेलपंत

वहीचा उल्लेख होताच मी हा धागा बंद करून दुसरीकडे जात आहे.

कोरा_कागद

सात आठवड्यांनी वर काढतोय. कोणी विचारलं नाही, तरी हिशेब देतो.

खुर्ची क्रमांक बावीस चालू आहे. तैलबुद्धीताईंचा अंदाज थोडा चुकला, माझे लेआउट अकरावीला नाही, चौदावीला संपले. पंधरावीला दोन दिवस नुसता बसून होतो. मग गेरूंचं ऐकून पेन्सिल धरली, डोळा मिटला आणि मोजलं. मागचा डावा पाय खरंच दिसत नाही. चौदा चित्रांत मी तो काढलेला आहे.

पायांमधल्या जागेत फरशी दिसते. ती करडी, असं मी धरून चाललो होतो. साडेनऊला ती जवळजवळ हिरवट असते, अकराला तिच्यात शेजारच्या भिंतीची माती उतरते, आणि पुढच्या पायाच्या अगदी कडेला, नखाएवढी, एक जांभळी पट्टी येते जी वीसेक मिनिटं राहते. ती पट्टी पकडायची म्हणून आता मला साडेदहाच्या आत रंग कालवून तयार राहावं लागतं. म्हणजे मुदत आली. 'उशीर झाला तर चालेल का' हे विचारायला समोर कोणी नाही, एवढाच फरक.

अजून एक. जुन्या क्लायंटचा फोन आला होता, पॅकेजिंगची मालिका आहे. घेतली. आठवड्याचे दोन दिवस, दुपारनंतर. माग्रीतचं नाव घेऊन घेतली, शंकासुर, तुमचे आभार. गंमत म्हणजे क्लायंटने रंग बदलायला सांगितला तेव्हा वाद घालायच्या ऐवजी मी विचारलं की डबा कुठल्या उजेडात ठेवला जाणार आहे. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

बोटं अजून दाबली जातात. मागच्या मंगळवारी दाबली आणि डाव्या हातात रंगाची चिंधी होती, ती चित्राला लागली. खुर्चीची पाठ पुसली गेली. अर्धी. तशीच ठेवली आहे.

बायको बघून गेली. म्हणाली, "खुर्चीत आत्ता कोण होतं?"

तैलबुद्धी

फोटो टाका.

कोरा_कागद

तेलरंग आहे, ओला आहे. आणि साडेदहा होत आलेत. दुपारी टाकतो.